निर्जंतुक साडू

आम्ही तिघे साडू. थोरले अण्णा साताऱ्याला, धाकटे तात्या सांगलीला आणि मी मधोमध कऱ्हाडला. म्हणजे पंचाची जागा मला भूगोलानेच दिली आहे. साताऱ्याचा फोन सकाळी सातला येतो, सांगलीचा रात्री जेवणं झाल्यावर, आणि गेली काही वर्षं दोन्हीकडचा विषय एकच असतो: जंतू कसे मारावेत.

पेन्शन सुरू झाली की आपल्याकडचा माणूस देवाकडे तरी जातो, शेअर बाजाराकडे तरी, नाहीतर गच्चीवर. गच्चीवर गेलेल्यांतही एक पोटजात आहे. तिला झाडापेक्षा झाडाच्या आजारात जास्त गोडी. या जातीचा माणूस ओळखायला सोपा: खांद्यावर पंचा, हातात फवाऱ्याची बाटली, आणि टोमॅटोच्या पानाकडे बघताना चेहरा असा, की नातेवाइकांना बाहेर बसायला सांगावं.

अण्णांच्या आईचं सोवळं यादोगोपाळ पेठेत प्रसिद्ध होतं. वाळत घातलेल्या धाबळीवर कावळ्याची सावली पडली तरी ती पुन्हा पिळली जायची. त्या सोवळ्याची अण्णांनी ऐन तारुण्यात यथेच्छ टिंगल केली. साठीनंतर तेच सोवळं हायपोक्लोरस ॲसिड होऊन त्यांच्या हाती आलं. कात्री धरली, फवार. कुंडी हलवली, फवार. मी गच्चीवर पाऊल टाकलं की आधी माझ्या चपलांवर दोन फुसकारे, मग "या, बसा".

हे ॲसिड करायचं यंत्र मूळचं त्यांच्या मुलाचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याने मागवलं, पुढे तो पुण्याला गेला आणि यंत्र व त्याची खोली दोन्ही अण्णांच्या ताब्यात आलं. दिसायला साधा पारदर्शक जग, तळाशी धातूच्या दोन पट्ट्या. त्यात लिटरभर पाणी, चिमूटभर मीठ आणि चहाचा चमचा व्हिनेगर. बटण दाबलं की पट्ट्यांवरून बारीक बुडबुड्यांची रांग निघते, पाणी जरा वेळ दुधाळ दिसतं आणि खोलीत पोहण्याच्या तलावाचा वास येतो. ही पाच-सात मिनिटं अण्णा जगाजवळ हात जोडल्यासारखे बसतात. सत्यनारायणाच्या पूजेला मी त्यांना इतकं स्तब्ध पाहिलेलं नाही. शेवटी सामू बघायची पट्टी बुडवायची आणि डब्यावरच्या रंगांशी ताडायची. पाच-सहाच्या रंगावर आली की म्हणायचं, "जमलं!"

"ॲसिड" हा शब्द ऐकून पहिल्या दिवशी अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना स्वयंपाकघराची हद्द बंद केली होती. तेव्हा अण्णांनी तिला समोर बसवून व्याख्यान दिलं. हे काही संडास घासायचं नव्हे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात ना, त्या आतल्या आत हेच रसायन करून जंतूला मारतात. बलार नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ सालीच हे शोधून काढलं. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रक्तात आहे तर परत बाहेरून कशाला?"

आता तात्या. तात्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. सारी नोकरी गावोगावच्या विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकण्यात आणि ती खरंच टाकली का हे तपासण्यात गेली. आजही त्यांच्या पिशवीत चष्म्याशेजारी ओटीच्या थेंबांची बाटली असते. लग्नाला गेले तरी पंगतीच्या पाण्यात थेंब टाकून बघतात. पाण्यात क्लोरीन असला की ते पिवळं होतं. पिवळं झालं तर जेवतात. नाही झालं तरी जेवतात, पण यजमानाला सांगून.

सांगलीच्या माणसाला जंतूंचं सोंग आणावं लागत नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तिथे पावसाळ्यात वेळ घड्याळावर नव्हे, आयर्विन पुलावर बघतात. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा तात्यांच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं. ओसरल्यावर भिंतीला छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. ती रेघ त्यांनी एका कोपऱ्यात अजून जपली आहे, पाहुण्यांना दाखवायला. गच्चीवरच्या कुंड्या तेवढ्या वाचल्या. तेव्हापासून ट्रे असो, सुतळी असो, कोकोपीट असो, टीसीएलच्या निवळीतून निघाल्याशिवाय काहीही जिना चढत नाही. वरती त्यांचा एक द्राक्षाचा वेल आहे. मूळ घराणं तासगावकडचं, त्यामुळे ढग दिसला की त्यांना डाऊनी दिसतो आणि हात मोरचुदाकडे जातो. एका वेलासाठी बोर्डो कालवताना ते दहा एकरांच्या बागायतदारासारखे घामाघूम होतात.

दोघांचं भांडण शुद्ध शास्त्रीय आहे. तात्यांचं म्हणणं, "अहो अण्णा, टीसीएल पाण्यात टाकलं की तेच तयार होतं तुमचं हायपोक्लोरस. चमचाभर पावडरीचं काम, त्याला यंत्र कशाला?" अण्णा म्हणतात, "पण सामू? तुमची निवळी चुनखडी. तिच्यात हायपोक्लोराइटच जास्त, खरं हत्यार थोडं. साडेसातच्या सामूला निम्मं-निम्मं, सहाच्या खाली आणलं की बहुतेक सगळं हायपोक्लोरस. जंतू मारायला ते कितीतरी पटीने जालीम." रसायनशास्त्राने दोघेही बरोबर आहेत. त्यामुळेच भांडण मिटत नाही. एकदा तात्यांनी ईर्षेने टीसीएलच्या बादलीतच व्हिनेगर ओतायची तयारी केली होती. मी फोनवर ओरडून थांबवलं. ब्लीचिंगमध्ये आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो. तो जंतू आणि साडू यांत फरक करत नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णांनी मुलाच्या खोलीत धिंगरी आळंबी लावली. भाताचा पेंढा गरम पाण्यात उकळून घ्यायची साधी रीत सोडून तो आपल्या औषधी पाण्यात बुडवला. आता या रसायनाची एक खोड आहे. समोर जे सेंद्रिय दिसेल त्याच्याशी ते आधी झटतं, आणि पेंढ्यातल्या काडीकचऱ्याशी लढतालढताच खलास होतं. बुरशीपर्यंत पोचायला शिल्लक काही उरत नाही. अण्णांनी मात्र पिशव्या टांगल्या आणि दाराला पाटी लावली: "आत येण्यापूर्वी हात फवारावेत."

त्याच सुमारास तात्या-धाकटी साताऱ्याला गेले. जाताना भडंगाचा पुडा आणि अण्णांच्या स्ट्रॉबेरीसाठी ट्रायकोडर्माची पिशवी. ही मित्रबुरशी, मुळांशी राहते, मर रोगाच्या बुरशीला खाते. अण्णा खूश. रोज सकाळी गुळाच्या पाण्यात कालवून कुंड्यांना घालायचे. आणि रोज संध्याकाळी, नियम म्हणून, त्याच कुंड्यांवर हायपोक्लोरस. सकाळी भरती, संध्याकाळी कत्तल. हे फोनवर ऐकून मी गप्प बसलो. पंचाने विचारल्याशिवाय बोलू नये.

पंधरा दिवसांनी आळंबीच्या पिशव्यांवर हिरवे डाग पडले. आधी एकीवर, मग चारांवर, मग भिंतभर पोपटी मखमल. अण्णांनी दिवसातून तीनदा फवारलं. मीठ साचून शेजारच्या खोक्यातल्या स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा तेवढ्या जळाल्या. मखमल वाढतच गेली. शेवटी तात्यांना आणि मला सहकुटुंब बोलावणं आलं.

तात्यांनी भिंग काढलं, डाग बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "अण्णा, हे ट्रायकोडर्माच आहे." कुंडीतला मित्र, आळंबीचा वैरी. गुळाच्या पाण्याचे हात न धुता अण्णा रोज खोलीत पिशव्या बघायला जात होते. हात फवारावेत ही पाटी पाहुण्यांसाठी होती.

"म्हणजे सांगलीनं पाठवलं म्हणा की!" अण्णा.

"पाठवलं कुंडीसाठी! गादीवर झोपवायला कोणी सांगितलं?"

अक्का चहा घेऊन आली म्हणून बरं झालं. मग तात्यांनी शोध पुढे चालवला. एवढं फवारून बुरशी मरत कशी नाही? औषध कुठे ठेवता? अण्णांनी खिडकीकडे बोट दाखवलं. पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्या ओळीने उन्हात, प्रत्येकीवर तारीख. सर्वांत ताजी नऊ दिवसांची.

तात्यांनी पिशवीतून ओटीची बाटली काढली. परीक्षानळीत अण्णांचं हत्यार घेतलं, पाच थेंब टाकले, हलवलं. आम्ही सगळे वाकलो. पाणी पांढरं ते पांढरंच. उन्हाने हायपोक्लोरस कधीच मोडून गेलं होतं, मागे उरलं होतं खारट पाणी. महिनाभर अण्णांनी मोठ्या निष्ठेने मीठ फवारलं होतं.

कोणी बोलेना. माझ्या बायकोला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने नळी धुतली, स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरली आणि तात्यांपुढे केली. पाच थेंब. पाणी हळूहळू लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं.

अण्णांनी नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग उठले, फवाऱ्याचं झाकण काढलं, बाटली मोरीत रिकामी केली आणि नळाखाली भरून गच्चीवर गेले.