प्रभूनं अजून सांगितलं नाही

खर्ड्याच्या किल्ल्याभोवती पहाटे कुणी तरुण फेऱ्या मारताना दिसला, की गावाचा पहिला अंदाज पोलीस भरतीचा असतो. या गृहस्थाचं भरतीचं वय केव्हाच उलटून गेलंय. तो यरीहोचा तट पाडतोय. इस्राएल लोकांनी सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या मारल्या, तेव्हा तिथला तट कोसळला. याच्या लग्नाआड आलेला तट काही केल्या हलत नाही. निंबाळकरांच्या या किल्ल्याचा खरा तटही जागेवर आहे, ते एक बरंच आहे म्हणा.

ख्रिस्ती मंडळीत असा एक तरी लग्नाळू असतोच. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, सगळ्यांच्या आधी सतरंजी अंथरतो, प्रार्थनेच्या विनंत्या सांगायच्या वेळी डोळे मिटून म्हणतो, "माझ्या जीवनसाथीसाठी." गुडघेदुखीच्या आणि मुलांच्या परीक्षेच्या विनंत्या येतात नि जातात, ही मात्र कायमची. पाळकसाहेब आता त्याच्याकडे न बघताच ती यादीत धरतात.

मुलगी तो कधीच नाकारत नाही. नाकारतो प्रभू. कांदेपोहे संपवून घरी आला की दोन दिवस मौन, मग जाहीर होतं : "मनात शांती मिळाली नाही." यावर कुणी काय बोलणार? पत्रिका जुळली नाही तर दुसऱ्या भटजीला दाखवता येते. इथं अपिलाची सोयच नाही.

दरम्यान आत्मिक वाढ चालू आहे. त्यासाठी एक वही केलीय. आत्म्याची नऊ फळं नऊ रकान्यांत, रोज रात्री स्वतःच स्वतःला दहापैकी गुण. इंद्रियदमनात कायम दहा. परीक्षेचा प्रसंगच आलेला नाही. सौम्यतेत नऊ. एक गुण मुद्दाम कापलेला, गर्व नको म्हणून.

शास्त्रातला त्याचा आवडता भाग म्हणजे रिबकेचा. अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधताना विहिरीवर खूण मागतो : जी मला पाणी देईल आणि न सांगता उंटांनाही पाजील, तीच. याच्या अडचणी इथूनच सुरू झाल्या, कारण पाहायला गेलं की प्रत्येकच मुलगी ट्रेमध्ये पाणी घेऊन येते. खरी कसोटी उंटांची. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटर पिऊ शकतो, उंट दहा, म्हणजे हजार लिटर, साठ-सत्तर घागरी. हा हिशोब त्यानं तरुण संघात फळ्यावर मांडून दाखवला. एका घरी निघताना मुलीनं विचारलं, "परत जायला गाडीत पेट्रोल आहे ना? नाहीतर दादा आणून देईल." यानं "आहे आहे" म्हणून किक मारली. उंटाचा प्रश्न झाला, तो याला कळलाच नाही. खुद्द इसहाक विहिरीवर गेलाच नव्हता, तो संध्याकाळी शेतात मनन करत होता, हा तपशील मात्र त्याला तोंडपाठ आहे.

उन्हाळ्यात नळ रुसला की गल्लीत टँकर येतो. तेव्हा हा माडीवर मनन करत असतो आणि हंडे आई भरते. प्रार्थनेची चेष्टा करायची नाही मला. त्याची आईही याच लग्नासाठी प्रार्थना करते, पण डोक्यावर हंडा असताना.

समजवायला सगळे येऊन गेले. वडील म्हणाले, "आरं, 1795 साली याच खर्ड्यात मराठ्यांनी निजामाचं पाणी तोडलं, तर दोन-चार दिवसांत तहाला आला. तू कवर बसणार?" त्यावर यानं नारायण वामन टिळकांचा दाखला दिला : त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी 1900 साली, पाच वर्षं वाट पाहिलीच ना? "बाबा," मावशी म्हणाली, "त्यांचं लग्न आधीच झालेलं होतं!" तिनंच मग जामखेडच्या आरोळे डॉक्टर नवरा-बायकोचं उदाहरण काढलं. दोघांनी लग्नाच्या दिवशीच खेड्यातल्या गोरगरिबांसाठी काम करायची शपथ घेतली, आणि 1970 साली इथं येऊन ती पाळायला लागले. "तुझी शपथ काय?" यानं डोळे मिटले. त्याच्याशी वाद घालताना हा मोठाच त्रास आहे.

गेल्या महिन्यात श्रीरामपूरकडची एक नर्स पाहिली. प्रश्न यानंच विचारायचे असा रिवाज, पण तिनं मध्येच विचारलं, "तुमच्याकडं पाणी कोण भरतं?"

"आई," हा निरागसपणे म्हणाला.

आठवड्यानं निरोप आला : मुलीनं प्रार्थना केली, मनात शांती मिळाली नाही.

तो दोन दिवस जेवला नाही. उपवास म्हणून नव्हे. प्रभू दुसऱ्या कुणाशी बोलतो, तेही याला न विचारता, हे पचायला जड गेलं. आता कॉटेज मीटिंगला त्याची विनंती बदललीय. त्या बहिणीला प्रभूचा आवाज नीट ऐकू यावा, यासाठी मंडळीनं प्रार्थना करावी, असं तो म्हणतो.