दहा बाय बारात टॉवर!

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्यांनी देव्हारा स्वयंपाकघरात हलवला! कशासाठी म्हणाल? स्पीकरसाठी! दहा बाय बाराचा हॉल, त्यात सोफा, टीव्ही, मुलाची सायकल आणि आता छातीपर्यंत येणारे दोन टॉवर. आल्या पाहुण्याने आधी स्पीकरला वळसा घालायचा, मग नमस्कार करायचा. किंमत विचारली की काका गालात हसतात आणि काकू गॅस बारीक करायला आत जातात. गॅस पेटलेला नसला तरी.

हे वेड एकट्या त्यांच्याच घरी शिरलंय असं समजू नका. ठाण्यापासून कोथरूडपर्यंत भली भली माणसं बिघडली आहेत. ज्यांना आयुष्यात कधी कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या नाहीत, त्यांना म्हणे किशोरीताईंच्या मागचे दोन्ही तानपुरे वेगवेगळे ऐकायचे आहेत! पन्नाशीतले गृहस्थ १९२ किलोहर्ट्झच्या फायली विकत घेतात. अहो, १९८२ साली बाजारात आलेली साधी सीडी २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज देते आणि या वयात कानांनी त्याच्या बरंच अलीकडे हात टेकलेले असतात. पण हे त्यांना सांगायचं कुणी?

आणि तारांचं प्रकरण तर विचारूच नका. अमेरिकेत १२ फुटी स्पीकर-तारांची एक जोडी ७,२५० डॉलरला विकत होते. भल्याभल्या बुवाबाबांची पोलं उघडी पाडणारे जेम्स रँडी २००७ साली म्हणाले, नुसत्या कानांनी ही तार साध्या तारेहून वेगळी ओळखून दाखवा, १० लाख डॉलर घेऊन जा. बोलणी झाली, मग तारवाले मागे सरले आणि चाचणी काही झाली नाही. जपानमधल्या शौकिनांची त्याच्यावर ताण. वीज ‘शुद्ध’ हवी म्हणून तिथे लोकांनी घराबाहेर स्वतःचा खांब रोवून घेतला! आपल्याकडे मीटर जिन्याखाली, शेजारी पाण्याचा पंप, आणि काका चौदा हजारांची पॉवर केबल लावून बसलेत.

बरं, एवढं करून वाजतं कसं? घुमतं हो, नुसतं घुमतं! पंचमचं गाणं लावलं की बास गिटारचे काही सूर दार ठोठावल्यासारखे येतात आणि काही गायबच. काका ॲम्प बदलायला निघाले. खरी गोम खोलीत आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज अडकून उभा राहतो, बारा फुटांत ४७चा. बास गिटारची ‘ए’ तार नेमकी ५५ची! टॉवर जितका खोल बास ओतणार, तितकी खोली बरळणार. ॲम्प दुप्पट वॉटचा घेतला तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल, आणि आठ फुटांवर बसलेल्या माणसाला मुळात हवे असतात मोजके वॉट.

यातली खरी लाजिरवाणी गोष्ट म्हणजे या दुखण्यावरचा उतारा पन्नास वर्षांपूर्वीच निघालाय. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसून ऐकायला एक स्पीकर बनवला, एलएस-थ्री-फाइव्ह-ए. उंची फूटभर, सगळीकडून बंद पेटी, पोटात पाचेक लिटर हवा. खोल बास नाहीच. पण गळा असा लागतो की निवेदकाचा घसा बसला असेल तर कळावं. व्हॅनमध्ये चालतो म्हणजे वन बीएचकेत चालणारच की! तोही स्वस्त नाही म्हणा. आजच्या आवृत्त्यांचे आकडे ऐकूनही काकू आतच जातील. पण त्याच घडणीचे लहान, बंद पेटीचे स्पीकर कितीतरी कमी पैशांत मिळतात. स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवायचे, भिंतीपासून हातभर पुढे ओढायचे, खाली जाड सतरंजी, मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट, खिडकीला जाड पडदे. पण पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकून कोण वाहवा करणार? म्हणून पडदा राहतो आणि केबल येते.

सबवूफर आणायचा विचार असेल तर खालच्या मजल्याशी आधी बोला. बास स्लॅबमधून थेट त्यांच्या पलंगात उतरतो, आणि रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सोसायटीचे सेक्रेटरी हा आकडा तोंडपाठ सांगतात.

तेव्हा तुमच्याही घरात कुणाला लागण झाली असेल तर एवढंच करा. दुकानाच्या गालिचा घातलेल्या खोलीत ऐकून पैसे देऊ नका. जोडी दोन दिवस घरी आणून, आपल्या हॉलमध्ये, आपली गाणी लावून ऐका. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.