उद्या मॅच हाय

सामना बघायला कुणीही जातं. तिथं फलक असतो, पंच असतात, आणि कोण जिंकलं ते शेवटी आपोआप कळतं. बघणाऱ्यानं डोकं चालवायचं कारणच उरत नाही. सराव बघायला मात्र माणूस जाणकार लागतो, किंवा निदान रिकामा तरी लागतो. आमच्या इंदापूर-बारामती पट्ट्यात हे दोन्ही गुण एकाच माणसात सापडायला अडचण येत नाही. कुणाच्या विहिरीचं काम चालू असलं, की काठावर उकिडवं बसून "आजून दोन परस खाली जावं लागंल" म्हणायचं. तालमीच्या दारात उभं राहून आतल्या पोराला "मान दाब, मान!" असं ओरडायचं. दुसऱ्याच्या कष्टाकडं आपुलकीनं बघायची ही सवय आम्हाला लहानपणापासूनची.

त्यामुळं फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड असा रणजी सामना ठरला, तेव्हा मला १२ तारखेच्या सामन्यापेक्षा ११ तारखेच्या सरावाची ओढ जास्त होती. बरोबर आबा होते. आबा माझे चुलते. तरुणपणी जत्रेच्या फडात कुस्त्या केलेले, एक कान त्याची साक्ष देणारा. क्रिकेटमधलं त्यांना फारसं कळत नाही, पण ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधी कळू दिलेली नाही. विहिरीवरची मोटार जळाली होती, ती रिवाइंडिंगला बारामतीत टाकायचीच होती. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या जोडट्रॉल्यांमागं अडकलो, तेव्हा आबा म्हणाले, "घाई करू नगंस. सरावाला काय टॉस असतुय व्हय?"

मैदानावर आमच्यासारखी बरीच मंडळी आधीच कुंपणाला टेकली होती. अशा गर्दीत काही माणसं ठरलेली असतात. एक, सेल्फीसाठी आलेली पोरं. त्यांना कोण खेळाडू आणि कोण मालिशवाला यात फरक नसतो. अंगात ट्रॅकसूट असला की झालं. दुसरा, "माझी निवड होणारच होती" असा गृहस्थ. हा दर तालुक्याला किमान एक असतो आणि त्याचा गुडघा नेमका निवडीच्या आदल्या आठवड्यात दुखावलेला असतो. तिसरा आकडेबाज. आमच्या शेजारी असाच एकजण होता. महाराष्ट्रानं रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला, दोन्ही वेळा कर्णधार प्रा. दि. ब. देवधर होते, आणि तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलं होतं, हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं.

"आन् त्याच्यानंतर?" आबांनी विचारलं.

"त्याच्यानंतर नाही. २०१३-१४ ला अंतिम फेरीत गेलो होतो, कर्नाटकानं हरवलं."

"म्हंजी ऐंशी वर्सं सरावच चाललाय म्हणायचा."

आकडेबाज जरा दुखावला आणि १९४८ कडं वळला. त्या साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम जेमतेम नऊ धावांवर असताना काठियावाडच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला. "सरावात हे बरं असतं," मी म्हणालो, "समोरचा संघ घरी जात नाही." आबांना हे पटलं. कुस्तीतही जोडीदार पळून गेला तर काय करायचं हा जुनाच प्रश्न आहे.

एवढ्यात खेळाडू मैदानात आले. त्यांनी दोन बाजू पाडल्या, एक मोठा चेंडू मध्ये टाकला आणि फुटबॉल सुरू केला. कुंपणावर शांतता पसरली. सेल्फीवाल्या पोरांना काही वाटलं नाही, पण आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच त्यांना चुकीच्या मैदानावर आणलं होतं. "उद्या मॅच कशाची हाय?"

अंग गरम करायला क्रिकेटवाले फुटबॉल खेळतात, हे मी समजावून सांगितलं. ओघात हेही सांगितलं, की महिन्यापूर्वीच केपटाऊनला कसोटीच्या आदल्या दिवशी इंग्लंडचा सलामीवीर रोरी बर्न्स असाच फुटबॉल खेळताना घोट्यातून गेला आणि उरलेल्या दौऱ्याला मुकला. मग इंग्लंडनं सरावातला फुटबॉल बंदच करून टाकला. आबा ताठ झाले. "आन् हे ह्यांना कुणी सांगितलं न्हाय?" तिथून पुढं चेंडू कुणाच्याही पायाशी आला की आबा कुंपणावरून ओरडायचे, "जपून रं! उद्या मॅच हाय!" एक-दोन खेळाडूंनी हसून हात केला. आबांनी तो आदेश पोचल्याची पावती मानली.

सरावानं खेळाचा इतिहास बदलतो, हे आबांना ठाऊक नसलं तरी त्यांच्या काळजीत तथ्य होतं. २००५ च्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्रानं नऊ बळी घेऊन इंग्लंडला लोळवलं. पुढच्या कसोटीच्या सकाळी एजबॅस्टनवर अंग गरम करताना त्याचा पाय जमिनीवर पडलेल्या चेंडूवर पडला आणि घोटा मुरगळला. ती कसोटी ऑस्ट्रेलिया दोन धावांनी हरला आणि पुढं ॲशेसही गेली. एवढी मोठी मालिका, आणि तिचा निकाल एका न उचललेल्या चेंडूनं फिरवला. आमच्याकडं "वाटंतलं आवरा आधी" असं आज्या उगीच म्हणत नसत.

मग नेटमध्ये फलंदाजी सुरू झाली. एक प्रशिक्षक लांब दांड्याच्या टोकाला असलेल्या वाटीत चेंडू बसवायचा आणि खांद्यावरून झटक्यानं फेकायचा. त्याला साइडआर्म म्हणतात. हातानं टाकताना खांदा लवकर दमतो. दांड्यामुळं हाताची लांबी वाढते, थोड्या जोरात चेंडू सुसाट जातो, आणि फलंदाजाला तासभर वेगवान मारा मिळतो. आबांना यातलं काही सांगावं लागलं नाही. "गोफण हाय की ही!" ते खूश होऊन म्हणाले. दिवस हुरड्याचे होते, ज्वारी दाण्यात आलेली होती आणि राखणीला माणूस मिळत नव्हता. "मॅच झाली की ह्या गड्याला चार दिस आपल्याकडं पाठवत्यात का इचार." मी विचारलं नाही. पण एवढी अचूक फेक नुसत्या तीन काठ्यांवर वाया जाते, ही आबांची खंत तिथल्या दोन-तीन ज्वारीवाल्यांनाही पटली.

खरा पेच पुढं आला. एका फलंदाजाचा मधला स्टंप उडाला. गोलंदाज काही न बोलता मागं वळला, फलंदाजानं स्टंप सरळ केला आणि पुन्हा पवित्रा घेऊन उभा राहिला.

"आऊट झाला की," आबा म्हणाले.

"झाला. पण सराव आहे. त्याची वेळ संपेपर्यंत तो खेळणार."

थोड्या वेळानं त्याच्या बॅटची कड लागली. तो तिथंच. मग चेंडू पायावर बसला. तो तिथंच. फडात पाठ टेकली की कुस्ती संपली, या नियमात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं. शेजारच्या गृहस्थानं मात्र शांतपणे तंबाखू मळत सांगितलं, "आबा, आपल्या सोसायटीच्या निवडणुकीत न्हाय का, दर येळी पडत्यात आन् दर येळी पॅनेलात आसत्यात?" त्यावर आबा एकदम निवळले. आपल्या ओळखीचं काही सापडलं, की परका खेळही माणसाला आपला वाटू लागतो.

यानंतर चर्चा खेळपट्टीवर गेली, आणि तिथं आमच्या मंडळींची पकड खरोखर बसली. क्रिकेट कळणारे तिथं थोडे असतील, पण माती न कळणारा एकही नव्हता. मधे रोलर फिरत होता. दुरूनच मातीचा रंग बघून मत पडलं, की पाणी कालपरवा दिलेलं असणार आणि आता वाफसा आलाय. एकानं विचारलं, नांगरायचं सोडून दाबतायत कशाला? त्याचं उत्तर क्रिकेटच्या पुस्तकात आहे तसं शेतातही आहे. चिकणमाती ओली असताना फुगते, वाळताना आकसते. ती दाबून बसवली की चेंडू उसळी घेतो, आणि उन्हानं भेगा पडल्या की फिरकीला हात मिळतो. आम्ही ज्या भेगांपायी पाटाचं पाणी कधी येणार म्हणून बोंब मारतो, त्याच भेगांची वाट बघत फिरकी गोलंदाज तिसऱ्या दिवसापर्यंत थांबतो. आबांनी निकाल दिला, "पाळी चुकली की झालं ह्यांचं पीक." त्या दिवसातली खेळपट्टीवरची ही सर्वांत नेमकी टिप्पणी होती, आणि ती कुणीही प्रक्षेपित केली नाही.

असा उघडा सराव सगळीकडं बघायला मिळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडात लीड्स युनायटेड या फुटबॉल संघाचा एक माणूस डर्बी काउंटीच्या सराव मैदानाच्या कुंपणाबाहेर सापडला. पोलीस आले. लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी सरळ कबूल केलं, की माणूस मीच पाठवला होता, आणि मी सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांचा सराव असा बघवून घेतो. दंड झाला दोन लाख पौंड. शिवाय सामन्याआधी ७२ तास समोरच्या संघाचा सराव चोरून बघायचा नाही, असा नियमच झाला. मी हे सांगितल्यावर कुंपणावरचे काही हात नकळत मागं सरकले.

"आपल्या पैशात किती?" आबांनी विचारलं.

त्या वेळच्या भावानं पावणेदोन कोटींच्या वर. आबांनी लगेच त्याचा ऊस केला. त्या हंगामाचा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा उसाचा किमान दर, टनाला २,७५० रुपये धरला, तर सहा हजार टनांहून जास्त. "सराव बघितला म्हणून सहा हजार टन?" ते म्हणाले, "त्यो उत्तराखंडवाला कुणी आला ना, आपल्या शेजारी बसवू. च्या पाजू. बघू दे की. बघून काय कुणाला पैलवान हुता येतंय?"

हे वाक्य त्यांनी थट्टेत टाकलं, पण ते बोलून झाल्यावर ते बराच वेळ एका कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं एक पोरगा, बाकीचे पाणी प्यायला गेले तरी, एकाच जागी पडणाऱ्या चेंडूला एकच फटका मारत होता. चेंडू येत होता, पाय पुढं जात होता, बॅट सरळ खाली येत होती. बघायला यात काही नव्हतं. सेल्फीवाली पोरं केव्हाच निघून गेली होती. निवड होणारच असलेला गृहस्थही कंटाळला होता. आबा मात्र ओठ हलवत मोजत होते, आणि मोजण्याची ती लय मला ओळखीची होती. पहाटे अंगणात जोर मारताना ते असेच मोजायचे. सामन्यात हा पोरगा दोन फटक्यांत बाद झाला असता तर लोक म्हणाले असते, नशीब नाही. इथं नशिबाचा संबंध नव्हता. निकाल नसला की फक्त मेहनत दिसते, आणि ती ओळखायला क्रिकेट यावंच लागतं असं नाही.

"ह्यो खेळंल," आबा म्हणाले. कोण आहे, काय नाव, कुणाचा, काहीही न विचारता. आकडेबाजाकडंही त्यावर आकडा नव्हता.

मोटार दुसऱ्या दिवशी मिळणार होती, त्यामुळं सामन्याच्या पहिल्या दिवशी आम्ही पुन्हा मैदानावर होतो. आता पंच होते, पांढरे कपडे होते, फलक होता, टाळ्या वाजवायच्या जागा ठरलेल्या होत्या. आबांना सल्ला द्यायला वावच मिळेना. ओरडून सांगावं तर आजूबाजूचे वळून बघत. एक विकेट पडली आणि फलंदाज बॅट काखेत मारून निघाला. आबा जागेवरून उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "चल, मोटार घेऊ. काल खेळ चांगला हुता. आज हे एकदा बाद झाले की घरीच चाललेत."