पानांची गाडी यायच्या आत

ती. आबा आणि ती. आईस,


आबा, तुमच्या परवाच्या फोनचा खुलासा आधी करतो. मशीन ढकलताना तुम्ही मला व्हिडिओवर पाहिलंत आणि पारावर बातमी फुटली की आबांचा बाळू न्यू जर्सीत लोकांचं गवत कापतो. ते गवत आपलंच होतं. माणूस लावला तर एका कापणीचे 50 डॉलर मागतो, म्हणजे आपले चार हजारांच्या वर, आणि मोसमात दर आठवड्याला कापावं लागतं. एवढ्या पैशात टेंभुर्णीत आठ-दहा बाया दिवसभर निंदायला येतील, वर आईच्या तब्येतीची चौकशी करून जातील.

कापलेलं गवत कोण खातं, असं आईने विचारलं. कोणीच नाही. (तांबडी व्याली का? गोऱ्हा की कालवड, कळवा.) गवताला खत घालायचं, पाणी पाजायचं, वाढलं की कापायचं आणि तिथंच टाकून द्यायचं. हसू नका, यालाही मोसम आहे. हे गवत थंड हवेचं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सुसाट वाढतं, जुलैच्या उन्हात पिवळं पडून निजतं. तीन इंचांपेक्षा बुटकं कापलं की तण माजतं. बी सप्टेंबरात टाकायचं. आणि शेवटचं खत 15 नोव्हेंबरच्या आत, कारण तिथून 1 मार्चपर्यंत घरच्या गवताला खत घालायला राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे. पावसाबरोबर खत वाहून बार्नेगट खाडीत शेवाळ माजलं, म्हणून 2011 मध्ये हा कायदा झाला. फॉस्फरस तर माती तपासून गरज दिसल्याशिवाय टाकायचाच नाही. तुम्ही तिकडे डीएपीच्या गोणीसाठी जाफराबादला रांगेत, आणि इथं दुकानाबाहेर खताच्या थप्प्या, पण टाकायची चोरी.

खरा जाच मात्र पानांचा. दारात मेपल आहे, तो ऑक्टोबरात सगळं एकदम टाकून मोकळा होतो. शेजारचा ओक चिकट. नोव्हेंबर संपत आला तरी थोडी पानं हातची राखून बसलाय. ही पानं रस्त्याकडेला ढीग करून ठेवायची, पण टाऊनशिपची गाडी यायच्या आधीच्या सात दिवसांतच. आणि ढीग पावसाच्या पाण्याच्या गटारजाळीपासून दहा फूट लांब हवा. जाळी नेमकी आमच्या दारात! म्हणजे ढीग सरकतो शेजाऱ्याच्या हद्दीत. तो मराठी नाही, तरी बांधाचं भांडण त्याला बरोबर जमतं. मी टेप धरून वाकलो होतो आणि तो खिडकीतून बघत होता. किसनकाकांनी यंदा पुन्हा एक तास बांध कोरला म्हणे? आबा, त्यांच्या तोंडी लागू नका, सरळ मोजणी मागा.

आई, आता बसून घे, मग पुढचं वाच. इथं थंडीत झुडपांना गोणपाट गुंडाळतात. बर्फाच्या वजनाने फांद्या फाटू नयेत, वाऱ्याने पानं सुकू नयेत आणि हरणांनी खाऊ नयेत म्हणून. हो, हरणं, फक्त रोही तेवढे नाहीत. आणि ते गोणपाट विकत मिळतं. छोटी गुंडाळी 20 डॉलर! आपण ज्यावर पाय पुसतो, कोंबड्यांची पाटी झाकतो, पावसात डोक्यावर घोंगता करून फिरतो, त्या मालाला इथं बारकोड चिकटवलेला असतो. आपल्या ओसरीवर किती डॉलर लोळताहेत, याचा हिशेब मी रात्रभर करत होतो.

तुझी सून म्हणाली, गावाकडे डुकरांसाठी शेताला जुन्या साड्या बांधतात, तसंच करू. तुझ्या पार्सलमध्ये खारोड्यांच्या डब्याला गुंडाळलेलं हिरवं पातळ तिने काढलंही. वसाहतीच्या समितीचं पत्र आलंच असतं, पण त्याआधी चिऊने पातळ पळवलं. आता ते अंगावर घेतल्याशिवाय ती झोपत नाही, धुवायलाही देत नाही. मीही मागत नाही. रात्री तिचं पांघरूण सारखं करायला जातो तेव्हा जरा वेळ तिथंच बसतो. खारोड्या मात्र संपल्या.

दादाला सांग, स्लॅबसाठी दारातल्या लिंबाला हात लावायचा नाही. इथं बऱ्याच गावांत स्वतःच्या अंगणातलं मोठं झाड पाडायलाही परवाना लागतो, वर बदल्यात नवं लावावं लागतं. एरवी मी या नियमाच्या नावाने बोटं मोडतो. पण आपल्या लिंबापुरता मीच टाऊनशिप, आणि परवाना नामंजूर. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हा आबा त्याच लिंबाखाली बसून टँकरवाल्याला पैसे मोजत होते. उन्हाळ्यात मी गवतावर फवारा सोडतो आणि तो टँकर आठवला की नळ लवकर बंद होतो. सून म्हणते, कंजूष आहात. असेन.

आबा, आंबिया बहराचा ताण डिसेंबरात देणार ना? पानं जरा पिवळी पडून गळायला लागल्याशिवाय पाणी सोडू नका. दादाला घाई असते. इथं झाडांना ताण द्यावा लागत नाही, तो आकाशातूनच येतो. खोडांना बोर्डो पेस्ट लावायला पिंट्याला घ्या. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, आणि बादली प्लास्टिकची. मागच्या वेळी त्याने लोखंडी घेतली होती, हे आईने मला सांगितलंय, तुम्ही लपवलंत तरी.

आत्याला सांगा, पानं उडवायच्या मशीनने तूर उपणता येईल, पण ते बॅगेत बसणार नाही. पिंट्याला मुलगी पाहायला भोकरदनला जाल तेव्हा आत्याला मागच्या सीटवर बसवा; मागच्या स्थळाला हुंड्याचं तिनेच काढलं होतं.

पुढच्या पार्सलला डब्याभोवती पातळ नको, गोणपाट गुंडाळा. दुहेरी. आणि

कोपऱ्यावर गाडी वाजली. ढीग अजून आठच फुटांवर आहे. पळतो.

तुमचा
बाळू