लाटणं खिडकीत आहे

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
१८ मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू "पोळ्या का गं करत नाहीस हल्ली?" असं अश्विनीला विचारलंस आणि मी मध्येच हवामानाचा विषय काढला. आता खरं सांगतो. आमचं लाटणं खिडकीत होतं. स्वयंपाकघराची खिडकी वर केली की धाडकन खाली यायची, म्हणून अश्विनीनं तिला लाटण्याचा टेकू दिला. तेव्हापासून पोळ्या हव्या असतील तर खिडकी बंद, आणि वारा हवा असेल तर भात.

घर १९२६ सालचं. घेताना एजंट म्हणाला, घराला 'कॅरेक्टर' आहे. बाबा, आपल्याकडे त्याला डागडुजीला आलेलं म्हणतात. सुताराला फोन केला, तर नुसतं येऊन बघायचे दीडशे डॉलर. तेवढ्यात सांगलीचे आपले मिस्त्री खिडकी दुरुस्त करून, दोनदा चहा पिऊन, वर तुम्हाला संसारावर चार शब्द सुनावून गेले असते. म्हटलं, आपणच करू. अश्विनी म्हणाली, "आपण म्हणजे कोण?"

या खिडक्यांना बिजागऱ्या नसतात, तावदान वरखाली सरकतं. चौकटीच्या दोन्ही बाजू आतून पोकळ. त्या पोकळीत सुती दोरीला बिडाचं एकेक वजन टांगलेलं, आणि दोरी वरच्या कप्पीवरून तावदानाला बांधलेली. तावदान वर गेलं की वजनं खाली. दोन्ही वजनं मिळून तावदानाच्या भाराची, त्यामुळे ते सोडाल तिथे थांबतं. वीज नाही, स्प्रिंग नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सुताराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. आमच्या दोऱ्या कधीच्याच कुजून तुटल्या होत्या.

आधी रंग. वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली आमरसासारखा पिवळा. १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं आहे असं धरूनच चालायचं असतं, आणि लहान मुलांना ते फार वाईट. म्हणून ईशानला दिवसभर मित्राकडे धाडलं, जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, मास्क लावला आणि पाणी फवारून ओला रंग खरवडला. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, घरात कोणी आजारी आहे का?

चौकटीतलं झाकण उघडलं तर तळाशी दोन्ही वजनं होती आणि एक स्क्रूड्रायव्हरही. म्हणजे माझ्याआधी कोणीतरी इथवर पोचून हात टेकले होते. स्क्रूड्रायव्हर उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगला. तोच वापरला.

पहिल्यांदा दोरी लांब ठेवली. वजनं तळाला टेकली, आणि तावदान वरच्या टोकाला थांबेना. मग चिडून दोरी कापली, ती इतकी की वजनं कप्पीला अडकली आणि खिडकी चार बोटं उघडीच राहिली. बाहेर ४ अंश. त्या रात्री सगळे स्वेटर घालून जेवलो. भात.

आणि मग बाबा, तुम्हाला फोन लावला. अशी खिडकी तुम्ही जन्मात पाहिलेली नाही. तरी "तावदान पार खाली ठेव, वजन कप्पीच्या जरा खाली टांग आणि मग दोरी काप, गाढवा" एवढं एका दमात म्हणालात. तसं केलं. ईशाननं एका हातानं खिडकी वर केली आणि ती राहिली! अश्विनीनं पाचदा उघडबंद करून पाहिली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.

तुमच्या पत्र्याच्या डब्यातल्या स्क्रू-नटांना मी लहानपणी भंगार म्हणायचो. तो डबा टाकू नका.

आता मुद्द्याचं. घरात अशा एकूण चौदा खिडक्या आहेत. लाटणं कालपासून बेडरूमच्या खिडकीत आहे. जुलैत येताना दोन लाटणी आणा. आई, एक तू निवडलेलं, पोळ्यांसाठी. दुसरं कसलंही चालेल, फक्त लांबीला दीड फूट हवं.

तुमचा,
मंदार