आप्पांची मिशी आणि समुद्रातले गावठाण

भात झोडून कणगीत पडले, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि आमच्या शेणवे गावात एकमेकांची तोंडे पाहण्यावाचून उद्योग उरला नाही, तेव्हा आमचे साडू आप्पा, ज्यांनी तीस वर्षे तलाठ्याचे दप्तर सांभाळून निवृत्तीनंतरही जगाकडे सातबाऱ्याच्या चौकटीतूनच पाहण्याचा परिपाठ सोडलेला नाही, त्यांनी मालवणास प्रवाळ पाहावयास जाण्याचा मनसुबा जाहीर केला. याच्या मुळाशी सृष्टिजिज्ञासा नव्हती. एका ज्योतिष्याने मंगळासाठी पोवळे सांगितले होते, आणि जी वस्तू समुद्राच्या तळाशी फुकट पडली आहे तिच्यासाठी सराफाला पैसे मोजणे त्यांच्या महसुली बुद्धीला मंजूर नव्हते.

शहापूर, आसनगाव, ठाणे, कुडाळ असे टप्पे घेत आम्ही मालवणच्या धक्क्यावर पोचलो. पोवळ्याचे नाव निघताच होडीवाल्याने कानाला हात लावला. दागिन्यातले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. इथले प्रवाळ त्या जातीचे नव्हेत, शिवाय वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात ते वाघाच्या पंक्तीला बसलेले.

"क्षेत्र किती?" आप्पांनी निराशा गिळून विचारले. १९८७ साली जाहीर झालेले हे सागरी अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा त्याचा गाभा तीनांहून थोडा अधिक, हे मी सांगताच त्यांनी बोटांवर हेक्टर केले. मच्छिमारांचा या अभयारण्याला विरोध होता हे कळल्यावर मात्र, ज्यांच्या तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि ज्यांच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या शहापूरकराच्या सहानुभूतीने ते बराच वेळ गप्प राहिले.

किल्ल्याच्या पाठीमागे होडी उभी राहिली. काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी, असा साज चढवून आप्पा पाण्यात उतरले आणि पाचव्या क्षणी नाकातोंडात खारे पाणी घेऊन वर आले. होडीवाल्याने निदान केले, "काकानू, मिशी आड येता." मुखवट्याची रबरी कड त्या झुबकेदार मिशीवर टेकून राही आणि केसांच्या फटींतून समुद्र आत येई. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या विनवण्यांना न जुमानता, आप्पा मालवणच्या एका न्हाव्यापुढे जाऊन बसले.

मग दिसले. चित्रातले झगमगते रंग मनात धरून जाणाऱ्याची निराशाच होईल. पाणी काहीसे गढूळ, आणि तळाशी गोलसर, तपकिरी, थेट शेणाच्या रंगाच्या राशी, त्यामुळे शेणव्याच्या माणसाला परकेपणा वाटण्याचे कारणच नव्हते. त्यांवरून काळ्या पट्ट्यांचे मासे पोरांच्या घोळक्यासारखे धावत होते, कपारीत काटेरी समुद्री साळू बसले होते, आणि नळीमुळे बोलता न येणारे आप्पा, मी त्यांना ओळखतो तेव्हापासून प्रथमच, अर्धा तास निःशब्द होते.

वर आल्यावर मी समजावले : ही रास म्हणजे गावठाण, टाचणीच्या डोक्याएवढा एकेक जीव चुन्याचे घर बांधतो, पूर्वजांच्या घरावर आपले चढवतो, आणि गाव वर्षाकाठी सेंटीमीटरभर वाढते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते; उन्हावर अन्न पिकवून बहुतांश मालकाला देते. पाणी फार तापले की मालक शैवालाला बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि ताप टिकला तर उपाशी मरतो.

"म्हणजे कूळ हुसकले की मालक मरतो," आप्पा उघड्या ओठावरून बोट फिरवीत म्हणाले. "मास्तर, १९४८ च्या कूळ कायद्यात हे एवढे कलम राहिलेच."

परत शेणव्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो, तर पारावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ आप्पांच्या सफाचट ओठाकडे पाहून उठले, टोपी काढून जवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आप्पा, कधी झालं? कळवलंसुद्धा नाहीत."