बिजागरीच्या निमित्तानं

स्वयंपाकाचा ओटा सोडून घरातलं बाकी सगळं दुरुस्त करायचं, असा ठराव लालबागच्या एका चाळीत, वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत, 2025च्या एप्रिलमध्ये दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. ओटा वगळण्याची उपसूचना काकूंची होती, आणि काकांनी ती चर्चेविना स्वीकारली. मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, त्यापेक्षा महाबळेश्वरला जाऊन या की.’’ सूचना वाईट नव्हती. पासष्टी उलटल्यामुळे काकांना एसटीत अर्धं तिकीट, आणि 2023पासून बायकांना सरसकट अर्धं. म्हणजे एका तिकिटात जोडपं. पण सुतार ‘उद्या येतो’ म्हणाला होता, आणि ज्या घरात सुताराचं ‘उद्या’ चालू आहे त्या घरातल्या माणसांना मुंबई सोडता येत नाही.

खोली चाळीच्या हिशेबानं ऐसपैस, म्हणजे 180 चौरस फूट. त्यातच मोरी, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. इमारत 1940च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या दफ्तरी उपकरप्राप्त ‘अ’ वर्ग; तळमजल्यावरचे एक आजोबा हे अजूनही पहिल्या वर्गात पास झाल्यासारखं सांगतात. जागा पागडीची. भाडं इतकं की मालकाला पावतीचा कागद महाग पडावा, त्यामुळे मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरू करत नाहीत, कारण रिडेव्हलपमेंट होणार आहे. मुलगा शाळेत होता तेव्हाही ती होणारच होती. ‘‘कशाला खर्च करता, बिल्डिंग जायचीच आहे,’’ या एका वाक्यावर चाळीतले टपकते नळ, निखळलेले कोयंडे आणि दोन-तीन लग्नं अडून बसली आहेत. काकांनी मात्र पेन्शनरांच्या वास्तववादानं विषय मिटवला. ‘‘बिल्डिंग जाईल तेव्हा जाईल. आधी मी गेलो, तर या करकरणाऱ्या दारातून जायची माझी तयारी नाही.’’

म्हणून पहिलं कलम दाराचं. वरची पितळी बिजागरी झिजली होती. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं ती हातात घेऊन, उलटी करून, पिनेवर नख मारून बघितलं आणि अदबीनं परत दिली. ‘‘काका, ही साइज आता येत नाही. नागदेवीला बघा.’’

इथून सहली सुरू झाल्या. मुंबईच्या या जुन्या भागात घर दुरुस्त करणं आणि फिरायला जाणं ही वेगळी कामं नाहीतच, कारण प्रत्येक जिनसेची गल्ली ठरलेली आहे. स्क्रू आणि हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, वायरी-बटणं लोहार चाळीत, पडद्याचं कापड मंगळदास मार्केटात, आणि जे कुठंच मिळत नाही ते चोरबाजारात. एका बिजागरीच्या मागे माणूस निघाला की अर्धं शहर बघून येतो. नागदेवीला बिजागरी मिळाली नाही, पण चालत दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट होतं. 1869 सालची मंडई, दारावर लॉकवुड किपलिंगच्या हातची शिल्पं, आत हापूसच्या पेट्या. काकांनी शिल्पं बघितली, काकूंनी पेट्या. दोन डझन हापूस घरी आला. दार करकरत उघडून तो आत घेतला.

प्रवासखर्चाचा हिशेब काका वहीत मांडत. 9 मेपासून बेस्टचं कमीत कमी भाडं 5 रुपयांवरून 10 झालं आणि एसी बसचं 6 वरून 12, तेव्हा वहीत लाल शाई आली. पण दुसऱ्याच दिवशी भुयारी मेट्रो आचार्य अत्रे चौकापर्यंत, म्हणजे वरळी नाक्यापर्यंत, सुरू झाली आणि तिचं कमीत कमी भाडं 10 रुपये निघालं. जमिनीखालचा गारवा जमिनीवरच्या गारव्यापेक्षा 2 रुपयांनी स्वस्त! या शोधानंतर दादरहून वरळी नाक्याला काहीही काम नसताना जाऊन येणं हा दुपारचा कार्यक्रम ठरला. गारव्याचा दुसरा पत्ता राणीच्या बागेतला. तिथले हम्बोल्ट पेंग्विन 2016मध्ये दक्षिण कोरियातून आले आणि तेव्हापासून काचेमागे 16 ते 18 अंशांत राहतात. काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं. ‘‘एवढीशी जागा, पण ठेवलीय कशी स्वच्छ! नाहीतर आपली मोरी.’’

शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तर मोरीचं भवितव्यच पालटलं. 1872चं हे संग्रहालय एकदा जीर्णोद्धार होऊन 2008मध्ये खुलं झालं होतं. मग पुन्हा डागडुजीसाठी बंद राहून 2025च्या जानेवारीत उघडलं. ‘‘एका इमारतीची दोनदा, आणि आपल्या खोलीची एकदाही नाही,’’ काका पुटपुटले. लोक तिथं मातीच्या छोट्या प्रतिकृती बघतात, जुन्या मुंबईचे नकाशे बघतात. काका मान वर करून छताचा हिरवा-सोनेरी रंग बघत राहिले आणि काकू मान खाली घालून फरशी. ती विलायतेहून आणलेली मिंटनची नक्षीदार फरशी आहे हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘अहो, मोरीत अशी बसवली तर?’’ मोरी तीन बाय साडेतीन. काकांनी तिथल्या तिथे तडजोड सुचवली: तशी नक्षी असलेली सिरॅमिकची लादी, आणि भिंतींनाही जुनी न फोडता लादीवर लादी.

पडद्यांवरून मात्र पेच पडला. काकूंचं माहेर ठाकूरद्वारचं. चांगली वस्तू गिरगावातच मिळते, या मतावर चाळीस वर्षांच्या लालबागी संसाराचा काही परिणाम झालेला नाही. काकांनी लालबागची बाजू लावून धरली की गाडी थेट गणपतीवर जाते. ‘‘आमच्या केशवजी नाईक चाळीत 1893ला बसला सार्वजनिक. तुमचा राजा 1934चा.’’ त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, ‘‘पण रांग कुठं लागते?’’ पडदे शेवटी मंगळदासमधून आले, म्हणजे गिरगावच्या बाजूला जास्त झुकणारा निकाल. विजयाप्रीत्यर्थ काकूंनी काकांना चौपाटीवर नेलं. तिथल्या नाना-नानी पार्कच्या फाटकाशी काका थबकले आणि पुढं चालू लागले. ‘‘नको. म्हातारी माणसं बसतात तिथं.’’

या सगळ्यात मसाला थांबणार नव्हता. लालबागमध्ये मे महिना मिरचीचा. बेडगी रंगाला, लवंगी ठसक्याला, संकेश्वरी दोन्हीच्या मध्ये. मग धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंड, सगळं भाजून डंखावर कुटायला द्यायचं आणि आपला डबा येईपर्यंत समोर उभं राहायचं, कारण शेजारणीचा मसाला आपल्यात मिसळला तर वर्षभर तिच्या हातची आमटी खावी लागते. मेच्या पहिल्याच आठवड्यात वळीव आला तेव्हा काकूंच्या मिरच्या गच्चीवर होत्या. काका त्या गोळा करायला धावले आणि तासभर डोळे चोळत बसले.

कुटून आलेला मसाला गरम असतो; तो कागदावर पसरून निववावा लागतो. नेमका त्या दिवशी रंगारी आला. भिंतीला लांबी भरून वाळली होती आणि तो पॉलिश पेपरनं घासत होता. पांढरी भुकटी उडत होती, खाली वर्षाचा तांबडा मसाला. काकूंनी मसाल्यावर सुती साडी पसरली आणि रंगाऱ्याला सांगितलं, ‘‘हळू घास.’’ रंगारी हळू घासू लागला, पण श्वास घेतच होता. त्याला सलग शिंका सुरू झाल्या. तो गॅलरीत गेला, तिथून जिन्यात, तिथून खाली. आणि मग त्याचंही ‘उद्या’ सुरू झालं.

तो परत आला, डिस्टेंपरचा दुसरा हात झाला, आणि 26 मेला मान्सून मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. कुलाब्याला त्या मे महिन्यात तोवर 439 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, 1918पासूनचा 279.4चा विक्रम मोडला. आचार्य अत्रे चौकाच्या नव्या कोऱ्या स्टेशनात पाणी शिरल्याची दृश्यं टीव्हीवर चालू असताना काकांच्या नव्या कोऱ्या भिंतीवर गच्चीतून ओल उतरत होती. टीव्हीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं बघताना त्यांना थोडं बरं वाटलं. ओल झाकायला सुतारानं दोन इंच पुढं प्लायचं पॅनेल ठोकून दिलं. हो, सुतार आला. बिजागरीही त्यानंच आणली, त्याच्या पिशवीत पडून होती.

जूनच्या मध्यावर, एवढी वर्षं न आलेला माणूस आला. बिल्डरचा सर्व्हेयर, हातात लेझरचं यंत्र. त्यानं लाल ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकला, मोरीत टाकला, कागद बघितला, पुन्हा टाकला.

‘‘काका, जुन्या कागदावर 180 आहे. कार्पेट सव्वादोन फूट कमी भरतंय.’’

काकांनी मोरीतली लादीवरची लादी बघितली. पॅनेल बघितलं. दोन इंचांना दहा फुटांनी गुणून, नव्या घराच्या भावानं त्याची किंमत त्यांनी मनात काढली, आणि पोटमाळ्याला शिडी लावली.

‘‘पोटमाळा मोजत नाही हां आम्ही,’’ सर्व्हेयर म्हणाला.

‘‘मोजायला नाही चढलो. हातोडा वर आहे.’’

काकूंनी सर्व्हेयरपुढं पाट सरकवला आणि आमरसाची वाटी ठेवली. ‘‘बसा तुम्ही निवांत. तोवर हे भिंत काढतात.’’